आधी विचारा, हे कोण विकत घेतं?

नववीच्या विज्ञानात पर्यावरणीय व्यवस्थापनाचा धडा आहे, त्यात घनकचरा येतो. कोणती वस्तू कुजायला किती काळ लागतो याचा तक्ता मुलं पाठ करतात, परीक्षेत तो लिहितात आणि विसरतात. आमची शाळा हडपसरची. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जिथे ओतला गेला तो उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो सासवड रस्त्यानं फार लांब नाही. आमची काही मुलं तर फुरसुंगीहूनच येतात. तरी धडा शिकवताना डेपोचं नाव कधी निघायचं नाही. गेल्या वर्षी ठरवलं, हा धडा फळ्यावर शिकवायचा नाही.

पहिला विचार अर्थात डेपो दाखवण्याचा. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज केला. मग त्याची पोच, मग 'साहेब मीटिंगला गेलेत', मग 'हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या टेबलावर द्या'. शेवटी उत्तर आलं की सुरक्षेच्या कारणावरून विद्यार्थ्यांना नेता येणार नाही. कारण खरंच होतं. साठलेल्या कचऱ्यात वायू धुमसत असतो, आगी लागतात, ढीग घसरतात. फक्त एवढं सांगायला पावसाळा उलटला. ज्यांना हा उपक्रम करायचाय त्यांनी डेपोच्या नादी न लागता वॉर्डातली सुका कचरा वेगळा करायची शेड किंवा बायोगॅस प्रकल्प गाठावा. तिथे नाही म्हणत नाहीत, आणि मुलांना दिसतंही जास्त.

मग म्हटलं, शाळेचा कचरा तर आपला आहे! शिपाईमामांना सांगून आठवडाभराचा सुका कचरा साठवला. शनिवारी मैदानावर ताडपत्री पसरली, हातमोजे, मास्क, चिमटे आणले. आदल्या रात्री एका पालकांचा फोन आला. "बाई, आम्ही पोराला शिकायला पाठवतो, कचरा चिवडायला नाही." मी म्हटलं, उद्या या आणि बघा. ते आले, हेल्मेट काखेत धरून भिंतीशी उभे राहिले, आणि जाताना एवढंच म्हणाले की कचऱ्यात पेन्सिल सेल होते, ते वेगळे काढा. मला त्यांचा राग आला नाही. कचऱ्याला हात कुणी लावायचा हे आपल्याकडे जातीवरून ठरत आलंय, आणि तो फोन त्यातूनच आला होता. कचरावेचक मावशी वर्गात बोलायला येणार म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये जी चुळबुळ झाली, तीही वेगळी नव्हती. ती चुळबुळ करणारी माणसं तर बी.एड. झालेली.

मुलांनी पुस्तकाप्रमाणे दोन ढीग केले, विघटनशील आणि अविघटनशील. खूश होती. मावशी आल्या, ढिगांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हे असं कोण घेईल?" मग खाली बसल्या आणि त्यांच्या पद्धतीनं मांडायला लागल्या. पांढरा कागद निराळा, पुठ्ठा निराळा. पाण्याच्या बाटल्या झाकणं काढून, कारण झाकणाचं प्लास्टिक दुसरं. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असतील तर चांगल्या जातात, आंबट वास मारणाऱ्या नाही. तेलाचा डाग पडलेला, वडापाव गुंडाळलेला कागद त्यांनी उचलून बाजूला टाकला. "पण मावशी, तो कागदच आहे ना?" एका मुलीनं विचारलं. "हाय की. पर रद्दीत घेत नाहीत."

माझ्या मते अख्खा धडा त्या एका वाक्यात आहे. वेफर्सच्या पाकिटावर काही का छापलेलं असेना, ते प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर चिकटवून केलेलं असतं. ते थर सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला घेत नाही. थर्माकोल नुसता जागा अडवतो, वजनाला काही भरत नाही. काच जड, फुटते आणि पैसे जेमतेम. ॲल्युमिनियमचा डबा मात्र रस्त्यावर तासभर टिकत नाही. एखादी वस्तू रिसायकल होऊ शकते हे रसायनशास्त्र सांगेल, ती होते का हे भंगारच्या दुकानातला काटा सांगतो. तेव्हापासून मी फळ्यावर तिसरा रकाना आखते: कोण विकत घेतं?

मावशी 'स्वच्छ'च्या सभासद. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 2008 मध्ये दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था सुरू झाली. सुका कचरा विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग असतो. म्हणजे आपण भाजीची देठं आणि पुठ्ठा एकाच बादलीत कोंबतो तेव्हा कुणाच्या तरी मजुरीत हात घालतो. मुलांना हे 'पर्यावरण वाचवा'पेक्षा पटकन कळलं.

कुजण्याच्या तक्त्याचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. दोन मोठ्या बरण्या घेतल्या. दोन्हींत केळीची सालं, वर्तमानपत्राचा तुकडा, पालेभाजीची देठं आणि वेफर्सचं एक पाकीट. एकीत माती आणि वाळका पाला मिसळला, भोकं पाडली, अधूनमधून ढवळत राहिलो. दुसरीत सगळं दाबून भरलं आणि तोंडाला फुगा बांधला. घट्ट झाकण लावू नका, आत वायू साठून बरणी फुटू शकते. पहिलीतून काही आठवड्यांत मातीचा वास यायला लागला. दुसरीच्या तळाशी काळं पाणी साचलं, फुगा थोडा ताठ झाला आणि तिला प्रयोगशाळेतून व्हरांड्यात हाकलावं लागलं. मुलं म्हणाली, फुग्यात मिथेन! इतक्यात नाही. सुरुवातीला येतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव प्राणवायू पूर्ण संपल्यावर, सावकाश कामाला लागतात. जुन्या डेपोतून निघणाऱ्या वायूत मात्र साधारण निम्मा मिथेन असतो.

तक्ता खोटा नाही, पण तो हवा-पाणी मिळालेल्या कचऱ्याचा आहे. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी यांनी 1973 पासून कचऱ्याचा अभ्यास केला. पुढे त्यांनी कचऱ्याचे जुने भराव खणले, तेव्हा कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं सहज वाचता येतील अशी निघाली. दाबलेल्या कचऱ्यात हवा नाही, ओल कमी, मग कागद कुजणार कसा? एकानं विचारलं, मग आपल्या डेपोतही पेपर सापडतील का? आपल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला, वर पाऊस, त्यामुळे आपल्याकडे त्रास उलटा. तेच काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, झिरपत जमिनीत उतरतं.

इथे फुरसुंगीचा एक मुलगा बोलला. वर्षभर मागच्या बाकावर गप्प असणारा. म्हणाला, "बाई, आमच्या विहिरीचं पाणी आजी भांडी घासायलाबी घेत नाही. टँकर येतो." मग बोलतच राहिला. माश्या, आगीचा धूर, 'डेपोवाला' म्हणून चिडवणं. 2017 मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा पुण्यात तीन आठवडे जागोजागी ढीग साचले होते. शहराला आठवतात ते तेवढे तीन आठवडे. त्याला विचारलं, गाड्या अडवल्या ते बरोबर की चूक? वर्गात जुंपली. मी मध्ये पडले नाही.

ताडपत्रीवर शेवटी जे उरलं ते जवळजवळ सगळं खाऊच्या पाकिटांचं. प्लास्टिक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत आपल्या वेष्टणाची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, हे मुलांना सांगितल्यावर त्यांनी एका कंपनीला पत्र लिहिलं आणि सोबत धुतलेली पाकिटं पाठवली. उत्तर आलेलं नाही. कॅन्टीनवाल्या काकांशी बोलणं जास्त उपयोगी पडलं, ते आता चिक्की आणि लाडू कागदात देतात. वेफर्स बंद करायला ते तयार नाहीत, कारण खप त्याचाच आहे.

एक गोष्ट माझ्या आराखड्यात नव्हती. मावशींनी निघताना मुलामुलींसमोर सरळ सांगितलं, "पॅड उघडं टाकू नका. आमाला हातानं उचलावं लागतं." मुलं खुसखुसली. मावशी थांबल्या, पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं, ही त्यांच्या संस्थेची जुनी मोहीम. आता कार्यानुभवाच्या तासाला मुलं-मुली दोघंही वर्तमानपत्राच्या पिशव्या करतात आणि लाल ठिपका देऊन मुलींच्या स्वच्छतागृहात ठेवतात. केलेल्या पिशव्या पुरत नाहीत, म्हणून यंदा आठवीलाही बसवलंय.