छातीत टाल्क सोडल्यावर येणारा ताप

आपल्या बेळगाव भागात छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचा, आणि तरुण माणसाच्या बाबतीत तो रास्तच आहे. ते पाणी गोळ्यांनी आटतं. पण कॅन्सरमुळे होणारं पाणी काढलं तरी पुन्हा भरतं. त्यावर प्लुरोडेसिस करतात, म्हणजे फुफ्फुसावरचं आणि छातीच्या आतलं अशी दोन आवरणं मुद्दाम चिकटवून टाकतात.

चिकटवतात ती सूज आणून. छातीत घातलेल्या नळीतून पाणी काढायचं, एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर नाही, कारण दबलेलं फुफ्फुस झटकन उघडलं तर त्यातच पाणी उतरतं. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलेलं दिसलं की आधी नळीतून लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध द्यायचं (किलोमागे 3 मिलिग्रॅम, एकूण 250 च्या आत) आणि मग 4 ते 5 ग्रॅम निर्जंतुक टाल्क (एका खनिजाची बारीक पूड) 50 मिली सलाईनमध्ये कालवून सोडायचं. नळी तासभर बंद. फुफ्फुस अडकून उघडलंच नसेल तर आवरणं एकमेकांना टेकतच नाहीत. मग टाल्कचा त्रास तेवढा होतो आणि उपयोग शून्य.

टाल्क लागताच आवरणाच्या पेशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात आणि ती रक्तात जातात. चार ते बारा तासांत थंडी वाजून ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) चढतो. सीआरपीचा कळस बहुधा दुसऱ्या दिवशी असतो. टाल्क सोडायच्या दिवशी सकाळचा, टाल्कआधीचा सीआरपी हाताशी नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. ही तपासणी वगळली जाते तेव्हा वाईट वाटतं, कारण पुढे त्या एका आकड्यावरून भारी अँटिबायोटिक सुरू होतात.

ताप दोन दिवसांत उतरणीला लागला, माणूस जेवतोय, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ठीक आहे, तर पॅरासिटामॉल पुरतं. इतर वेदनाशामकांनी चिकटणं बिघडेल अशी भीती होती, पण 2015 च्या मोठ्या चाचणीत आयब्युप्रोफेनने यश कमी झालं नाही. स्टेरॉइडची गोष्ट वेगळी. त्याने सूज दबते आणि चिकटणं कच्चं राहू शकतं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी ते चालू असेल तर आधीच सांगा, मात्र स्वतःहून बंद करू नका.

खरी भीती श्वासाची. टाल्कचे कण फार बारीक असले तर आवरणातल्या छिद्रांतून लसिकावाहिन्यांत (शरीरातला पाझर वाहून नेणाऱ्या नलिकांत) आणि तिथून रक्तात जातात; मग दुसरं, निरोगी फुफ्फुसही सुजतं. बारीक कण गाळून काढलेलं टाल्क म्हणूनच हवं. अशा मोठ्या कणांच्या 4 ग्रॅम टाल्कवर 558 रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये आला, त्यात हा घातक प्रकार एकालाही झाला नाही. मात्रा वाढवणं आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी करणं, दोन्ही टाळायचं.

टाल्क मिळत नाही तिथे पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरतात: 10 टक्क्यांचं 20 मिली, 80 मिली सलाईनमध्ये. ते स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण छातीत कळ जोराची येते आणि बीपी पडू शकतं. थायरॉइडचा विकार किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बाटली साध्या द्रावणाची हवी, हात धुण्याच्या फेसाळ स्क्रबची नव्हे.

तीन दिवसांनंतरही चढता ताप, नळीतून गढूळ किंवा घाण वासाचं पाणी, सॅच्युरेशन उतरत जाणं, धाप, छातीत अनियमित धडधड, एका पायाला सूज: यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. रात्रपाळीला मराठी न कळणारी सिस्टर असेल तर ‘ज्वर बंदिदे’ (ताप आलाय), ‘उसिराडोके कष्ट आगतिदे’ (श्वास घ्यायला त्रास होतोय) एवढं कन्नड पुरतं.

खानापूर, निपाणीकडची माणसं बेळगावात उपचार घेऊन गावी परततात आणि पुढचा डॉक्टर वेगळा असतो. डिस्चार्ज कार्डावर कोणत्या बाजूला, कोणतं औषध, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला हे लिहून घ्या. टाल्कची सूज आवरणात वर्षानुवर्षं धुमसत राहते आणि पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते बघण्याच्या तपासणीत, ती जागा कॅन्सरसारखीच उजळते. कार्डावर टाल्कची नोंद नसेल तर स्कॅन वाचणारा ते आजार पसरला असं समजू शकतो.