एका ‘पासून’ने खाल्लं माझं वर्ष

आयबीपीएस क्लार्कची, म्हणजे सरकारी बँकांतल्या क्लार्क भरतीची, प्रिलिम्स (पहिली परीक्षा) पास झालो एकदाचा, तिसऱ्या वेळी. फॉर्म, फी, फोटो-सही अपलोड यातलं सांगण्यासारखं काहीच नाही, सगळं घरबसल्या झालं. सेंटर हिंगणा रोडला आलं होतं, सीताबर्डीहून लोकमान्य नगरची मेट्रो धरली आणि आरामात पोचलो. मी अडलो ते इंग्लिशमध्ये. 30 प्रश्न, 20 मिनिटं, चुकलं की पाव मार्क कापतात, म्हणजे तीन प्रिपोझिशन चुकले की बरोबर उत्तरवाल्यापेक्षा पावणेचार मार्क मागे. आणि मी मागच्या वेळी राहिलो होतो दोन मार्कांनी!

क्लास बर्डीवरच लावला होता, नाव घेत नाही. डाउट विचारायचे फक्त शनिवारी दुपारी. मे महिना, जिन्यात रांग, कूलरचं तोंड सरांकडे. दीड तास उभा राहिलो तेव्हा कुठे नंबर आला, आणि प्रश्न काय तर वहीतलं एक वाक्य, ‘आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टू इयर्स’, यात चूक नेमकी कुठे. सर म्हणाले, "बोलून पाहा ना, कानाला जे बरं वाटते ते टिक कर." आणि पुढच्या पोराला बोलावलं. अरे बावा, कानाला तर हेच बरं वाटते! कॉलेजात, लग्नात, बँकेच्या काउंटरवर सगळीकडे हेच ऐकलं आहे. कान बरोबर असता तर फी कशाला भरली असती? अजूनही तो जिना आठवला की डोकं तापते.

शेवटी घरीच उलगडलं. आपण म्हणतो सोमवारपासून ताप आहे, आणि तीन दिवसांपासून ताप आहे. दोन्हीकडे ‘पासून’. इंग्लिशमध्ये सोमवार हा सुरुवातीचा दिवस म्हणून सिन्स, तीन दिवस ही मुदत म्हणून फॉर. वर आपलं ‘आहे’, ‘राहतो’ चालू काळातलं, त्यांना तिथे हॅव बीन लागते. म्हणजे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर फॉर टू इयर्स’. एका वाक्यात दोन चुका, दोन्ही मराठीतून आलेल्या, आणि हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती.

मग मी वहीत डावीकडे मराठी प्रत्यय लिहून पाहिले. माझ्यावर रागावला, म्हणून आपण ‘अँग्री ऑन मी’ म्हणतो, पाहिजे विथ. तिच्याशी लग्न, म्हणून मॅरीड विथ, पाहिजे टू. माझ्यापेक्षा सिनिअर, तिथे दॅन नाही, टू. गणितात हुशार, तर गुड ॲट. आणि ‘डिस्कस’च्या पुढे अबाउट लावायचंच नाही, ‘रीच’च्या पुढे ॲट नाही, हे तर मला शिव्या दिल्यासारखं वाटलं, कारण मी प्रत्येक अर्जात लावत आलो.

आपल्या नागपूरचा खास घोळ वेगळाच. आपण सगळंच करून राहिलो, समजून राहिलो, म्हणून तोंडातून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ निघते. समजणे, असणे, माहीत असणे यांना सहसा आयएनजी लावत नाहीत. पण ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे मात्र लावायचं, टू दिसला की लगेच साधं क्रियापद ठोकू नका, मी दोन मॉक टेस्टमध्ये (सराव परीक्षांत) ठोकलं.

डिड आलं की वेंट विसरा, डिड नॉट गो. हे सगळ्यांना माहीत असते, तरी घाईत चुकते, म्हणून मी आधी हेच प्रश्न उरकायचो आणि प्रिपोझिशनवर शंका आली की प्रश्न सोडून द्यायचो.

हां, एक राहिलंच. लाय म्हणजे पडून राहणे, त्याचा भूतकाळ ले. आणि ले म्हणजे ठेवणे, त्याचा लेड. काल दिवसभर अंथरुणात पडून होतो, तर ‘आय ले इन बेड’. हा डाउट विचारायला मी त्या जिन्यात गेलोच नाही.