‘सिन्सिअरली’वर प्रोजेक्ट केला, त्यातले दोन महिने मेणात गेले

एमए इंग्लिशच्या शेवटच्या सेमिस्टरला मी प्रोजेक्टसाठी ‘सिन्सिअरली’ हा एकच शब्द घेतला होता, तो कुठून आला आणि त्याचा अर्थ कसा बदलत गेला. विषय मंजूर होणं, टायपिंग, बाइंडिंग, व्हायवा सगळं नीट झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. व्युत्पत्तीच्या प्रकरणाबद्दल मात्र लिहायचंच आहे, कारण ते आठवलं की अजून डोकं तापतं.

ती गोष्ट तुम्ही पण ऐकली असेल. रोममधले शिल्पकार संगमरवराच्या भेगांत मेण भरून त्या लपवायचे, आणि प्रामाणिक कारागीर आपली मूर्ती ‘सिने सेरा’ म्हणजे बिनमेणाची म्हणून विकायचा, त्यावरून सिन्सिअर. गाइड मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सुरुवात ह्या गोष्टीनेच कर. मी केली पण. मग संदर्भ द्यायला बसले तर मूळ धागाच सापडेना, एका ठिकाणी शिल्पकार, दुसऱ्या ठिकाणी मेण काढलेला मध, आणि प्रत्येक जण ‘असे म्हणतात’ म्हणून मोकळा. शेवटी ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी उघडली, तर तिथे सरळ म्हटलंय की मेणाच्या ह्या जुन्या स्पष्टीकरणात तथ्य दिसत नाही. लॅटिन ‘सिनकेरुस’चा अर्थ स्वच्छ, निर्भेळ, धड असा आहे, आणि त्याची फोड बहुधा ‘एक’ आणि ‘वाढणे’ अशा दोन धातूंची, म्हणजे एकाच वाढीचं, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. आपण एकजिनसी म्हणतो ना, जवळपास तेच.

मी मेण काढून हे लिहिलं आणि मसुदा दिला. मॅडम फक्त गुरुवारी भेटायच्या, त्यातले दोन गुरुवार सुट्टीत गेले, बाकीचे स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर. मसुदा परत आला, समासात लाल पेनाने एकच शब्द, ‘मेण?’. मी ऑक्सफर्डच्या नोंदीची झेरॉक्स जोडून परत दिला, परत तेच. तिसऱ्यांदा मी समोर बसूनच विचारलं, तर म्हणाल्या, “अगं, छापील पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीत आहे, तू कशाला वाद घालतेस?” मला रडूच आलं होतं खरं सांगायचं तर, कारण सबमिशनला तीन आठवडे उरले होते आणि जे चूक आहे हे मला कळलंय ते मी स्वतःच्या नावाखाली छापणार नव्हते. मग लायब्ररीतल्या काकांनी सुचवलं, गोष्ट काढू नकोस, ‘लोकव्युत्पत्ती’ असं शीर्षक देऊन ठेव आणि खाली ती का टिकत नाही ते लिही. तसं केलं आणि पुढच्या गुरुवारी पाच मिनिटांत सही मिळाली! तुमचं पण असं अडलं तर हे पहिल्याच दिवशी करा, मला सुचायला दोन महिने लागले.

पुढचा इतिहास मला फार आवडला. शब्द इंग्रजीत आला 16व्या शतकात, आणि तेव्हा तो माणसांइतकाच वस्तूंनाही लागायचा. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात, चक्क ‘सिन्सिअर दूध’ आहे, म्हणजे निर्भेळ. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी डिक्शनरीत ‘सिन्सिअर’चा पहिला अर्थ इजा न झालेला, दुसरा निर्भेळ, आणि प्रामाणिक हा तिसरा. पहिल्या अर्थाला इंग्रज कवी ड्रायडनने केलेल्या रोमन कवी ओव्हिडच्या भाषांतरातलं उदाहरण आहे, भाला बसूनही शरीर सिन्सिअर राहिलं. ते स्कॅनवर वाचताना अंगावर काटा आला होता.

स्कॅनवरून आठवलं, जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा एस लांब असतो आणि एफसारखा दिसतो, त्यामुळे सर्चमध्ये ‘सिन्सिअर’ टाकून काही मिळत नाही, एस ऐवजी एफ टाकून शोधा. माझे दोन दिवस वाचले असते.

18व्या शतकापासून तो पत्राच्या शेवटी स्थिरावला. ब्रिटिश पद्धतीत नावाने ‘डिअर’ लिहिलं तर ‘युअर्स सिन्सिअरली’, नुसतं ‘डिअर सर’ असेल तर ‘फेथफुली’, तेच आपल्याकडे ‘आपला विश्वासू’ म्हणून अर्जात असतं. अमेरिकेत दोन्हीकडे ‘सिन्सिअरली’ चालतं. पत्राच्या शेवटी तो मनापासून असतोच असं नाही, ती सहीच्या आधीची रीत झाली.

आणि आपल्या बोलण्यातला अर्थ तर तिसराच. ‘मुलगी सिन्सिअर आहे’ म्हणजे खरं बोलते असं नाही, वेळेवर येते, मन लावून अभ्यास करते. हे पान मॅडम काढायला सांगत होत्या, मी हट्टाने ठेवलं, आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर विचारलं, मला खूप बरं वाटलं.

हो, लॅटिनसाठी विकत काही घेऊ नका, लुइस आणि शॉर्टची 1879 ची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे. आणि गाइडची सही प्रकरण पूर्ण व्हायची वाट न बघता पानापानावर घेत चला.