घड्याळ बरोबर, वार चुकला

रात्री दीडचा गजर लावून कॉलला बसलो. समोर कोणीच नाही. मेसेज केला, तर उत्तर आलं: "मीटिंग शुक्रवारी होती, आज शनिवार!"

कॉल होता आपियाच्या वेळेनुसार. आपिया म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशाची राजधानी; तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. मी फोनमध्ये निवडलं होतं शेजारच्या अमेरिकन सामोआतलं पागो पागो, साडेसोळा तास मागे! दोन्हीकडे सकाळचे नऊच, फक्त वार वेगळा. दोन्ही शहरांमधलं अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण वाररेषा, म्हणजे जिथे वार बदलतो ती काल्पनिक रेषा, त्यांच्या मधूनच जाते.

२०११ पर्यंत दोघांचा वार एकच होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआनं ३० डिसेंबरचा शुक्रवार कॅलेंडरातून चक्क गाळला. माझाही शुक्रवारच गेला म्हणा!

आता दीडला जाग आलीच आहे, तर चहा टाकलाय.