शेवटचे दोन आकडे

सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन आला. पलीकडे वॉर्डातल्या सिस्टर होत्या. "मॅडम, मी सात नंबरच्या पेशंटच्या नावावर क्लिक करतेय आणि रिपोर्ट उघडतोय अकरा नंबरचा. तीनदा करून पाहिलं."

"रिपोर्टच्या वर नाव कोणाचं दिसतंय?"

"अकराचंच. म्हणून तर लक्षात आलं. नाहीतर पोटॅशियम ४.१ बघून मी पुढे गेले असते. सातचा छापील रिपोर्ट आत्ता हातात आलाय, त्यावर ६.३ आहे."

वेब डेव्हलपर म्हणून काम करायला लागून मला दहा वर्षं झाली होती. पान उघडत नाही, बटण चालत नाही, पैसे कापले गेले पण पावती आली नाही, असल्या तक्रारी रोजच्या. ही तशी नव्हती. पोटॅशियम ६ च्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, हे हॉस्पिटलच्या लॅब रिपोर्ट दाखवणाऱ्या याच प्रकल्पावर काम करताना मला कळलं होतं. ४.१ म्हणजे अगदी नॉर्मल. चुकून एकाच्या जागी दुसरा आकडा वाचला गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करायलाही तेव्हा वेळ नव्हता.

मी आधी ती स्क्रीन बंद केली. कारण नंतर शोधू. सिस्टरना सांगितलं, "मी फोन करेपर्यंत छापील रिपोर्टवरच चाला," आणि मग मॅनेजरला कळवलं. हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. चुकीची माहिती दाखवणारी स्क्रीन ही बंद स्क्रीनपेक्षा कितीतरी वाईट.

मग शोध सुरू झाला. डेटाबेसमध्ये पाहिलं, सातचा रिपोर्ट सातच्याच नावावर, ६.३. सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या कामांची नोंद, चोख. ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती (कॅश) साफ केल्या, काही फरक नाही. टेस्ट सर्व्हरवर हाताने चार रिपोर्ट भरले, चारही बरोबर उघडले. क्लिकचा कोड तर मी इतक्या वेळा वाचला की ओळी पाठ झाल्या. यादीत नावं बरोबर दिसत होती, फक्त क्लिक केल्यावर उघडणारा रिपोर्ट चुकत होता, आणि तोही सगळ्यांचा नाही. काल भरलेले रिपोर्ट ठीक. आज सकाळी लॅबच्या नव्या मशीनकडून एकगठ्ठा आलेल्यांमध्येच गडबड.

अकरा वाजत आले होते. मी ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून सर्व्हरचं उत्तर पुन्हा पाहत होते. तिथे एकाच उत्तराचे दोन टॅब असतात. 'प्रीव्ह्यू'मध्ये ते नीट मांडून, घड्या उलगडून दिसतं, 'रिस्पॉन्स'मध्ये जसं आलं तसं कच्चं. वाचायला सोपा म्हणून मी सकाळपासून प्रीव्ह्यूच बघत होते. तिथे सातच्या रिपोर्टचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, होता ६६०२९३२९३४०९२८४१००. अकराचा आयडी होता ६६०२९३२९३४०९२८४१००.

दोन पेशंटच्या रिपोर्टना एकच आयडी? डेटाबेसमध्ये तर तसं अजिबात नव्हतं. मी रिस्पॉन्सचा टॅब उघडला. तिथे पहिला ४०९७ वर संपत होता आणि दुसरा ४०९८ वर.

सर्व्हरने बरोबर पाठवलं होतं. वाचताना ब्राउझरने बदललं होतं. दोन्हींच्या शेवटी ते दोन शून्य बघून माझ्या पोटात गोळाच आला, कारण आता मला सगळं कळलं होतं.

ब्राउझर जी भाषा चालवतो ती जावास्क्रिप्ट १९९५ साली आली तेव्हापासून तिच्यातला साधा आकडा हा ६४ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकही धरू शकणारा, आकडा असतो, आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे. त्यात अचूकता मिळते ५३ बिटांची. म्हणजे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक ती हमखास नीट धरते. हे सोळा अंक झाले. त्यापुढे ती जवळच्या, तिला मांडता येणाऱ्या आकड्यावर सरकते, आणि कुठलीही एरर देत नाही. आमचे आयडी अठरा अंकी होते. त्या पट्ट्यात तिला मांडता येणाऱ्या दोन आकड्यांमध्ये १२८ चं अंतर असतं.

पूर्वी आमचे आयडी एक, दोन, तीन असे वाढत जायचे. सर्व्हर एकाचे अनेक झाले तेव्हा आम्ही ट्विटरने २०१० मध्ये आणलेल्या स्नोफ्लेकच्या धर्तीवर आयडी बनवायला लागलो. त्यात आधी मिलिसेकंदातली वेळ, मग सर्व्हरचा क्रमांक आणि शेवटचे बारा बिट त्याच मिलिसेकंदातल्या अनुक्रमाचे. हाताने भरलेला रिपोर्ट आपल्या मिलिसेकंदात एकटाच असतो, म्हणून त्याचा अनुक्रम शून्य. तो सरकून सरकून कुठे सरकणार? दुसऱ्या कोणाशी त्याची टक्करच होत नाही. मशीनने गठ्ठा टाकला की एकाच मिलिसेकंदात दोन-तीन रिपोर्ट तयार होतात, अनुक्रम शून्य, एक, दोन, आणि ब्राउझरसाठी ते तिन्ही एकच. आमचा कोड आलेले रिपोर्ट आयडीप्रमाणे कप्प्यांत ठेवत होता. एकाच कप्प्यात तिघे गेले आणि शेवटी आलेला तेवढा उरला. टेस्टमध्ये हे सापडलं नाही याचं कारण आम्ही एकेक रिपोर्ट भरून बघत होतो.

ट्विटरने त्या वेळीच आकड्यासोबत तोच आयडी मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली होती, नेमक्या याच कारणासाठी. आयडीची कल्पना आम्ही तिथूनच घेतली, ही खबरदारी मात्र घेतली नाही. तो बदल मीच तपासून मंजूर केला होता. आयडीला आपण सवयीने आकडा समजतो. पण त्याची बेरीज कोणी करत नाही, सरासरी कोणी काढत नाही. ते नाव आहे, आणि नाव अक्षरांतच पाठवायचं असतं.

दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची. सर्व्हरने आयडी अवतरणचिन्हांत पाठवायचा, बस. वेळ लागला तो बाकीच्याला. कोणकोणते रिपोर्ट एकाच आकड्यावर सरकत होते ते डेटाबेसमधून काढलं, यादी वॉर्डाला दिली आणि त्यांनी प्रत्येक नाव कागदाशी ताडून पाहिलं. सुदैवाने कोणाला चुकीचा उपचार गेला नव्हता. मी त्याच मिलिसेकंदातले तीन आयडी घेऊन एक टेस्ट लिहिली, जुन्या कोडवर ती पडते याची खात्री केली आणि मगच नवा कोड वर चढवला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रिपोर्टच्या वर पेशंटचं नाव दाखवायची काही गरज नाही, यादीत ते आहेच, जागा वाचेल, असं डिझाइनच्या बैठकीत मीच म्हटलं होतं. टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकारी अडून बसल्या, "नाव राहू दे." त्या सकाळी सिस्टरना जे दिसलं ते केवळ त्यांच्या त्या हट्टामुळे. संध्याकाळी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन हे बोलून दाखवलं.

दुपारी एकच्या सुमारास मी वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, स्क्रीन चालू केलीय. माझ्यासमोरच एकेक उघडून बघाल का? नाव आणि आकडा दोन्ही वाचा."

त्यांनी सकाळच्या गठ्ठ्यातला एकेक रिपोर्ट उघडून मोठ्याने वाचला. मी डेटाबेसशी जुळवत गेले. सातची पाळी आली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या.

"नाव सातचंच. पोटॅशियम ६.३. डॉक्टरांनी सकाळीच कागद बघून औषध सुरू केलंय, आत्ता दुसरं सँपल पाठवलं." मग म्हणाल्या, "पुढचा वाचते."