तुम्ही विचारलंत म्हणून: चढाचा खरा आकडा

"ताई, रस्ता एकच, मग तुमचा चढ आमच्यापेक्षा वेगळा काहून येते?" रविवारच्या सायकल राईडनंतर फुटाळा तलावावर चहा घेताना, एकूण किती मीटर चढलो ते बघताना, हा प्रश्न ठरलेला. तीन वर्षं मी "मशीन मशीनचा फरक" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

माझ्या सायकल कॉम्प्युटरमधला सेन्सर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतो. नागपूरच्या उंचीवर साधारण 9 मीटर चढलं की दाब 1 हेक्टोपास्कलनं उतरतो, त्यावरून तो हिशेब मांडतो. पण दाब जागच्या जागीही बदलतो. आपल्याकडे तो सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या आसपास कमी. फरक 3-4 हेक्टोपास्कलचा. म्हणजे दारात उभी असलेली सायकल दुपारपर्यंत तीसेक मीटर चढून बसते. त्यात आपलं ऊन. हिशेबात समुद्रसपाटीची हवा 15 अंशांची धरलेली असते, आपण चढतो 45 अंशांत. हवा विरळ, म्हणून 100 मीटरचा चढ 90 च्या आसपास दिसतो. ज्यांचं यंत्र नुसत्या उपग्रहांवर चालतं त्यांची अडचण वेगळी. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखालचे पृथ्वीआड. त्यामुळे उंचीतली चूक जागेच्या चुकीपेक्षा मोठी असते. आकडा सपाट रस्त्यावरही वरखाली होतो आणि त्यातलं प्रत्येक 'वर' एकूण चढात जमा होतं.

हे मला त्या जून महिन्याआधी ठाऊक नव्हतं.

एका दिवसात 1500 मीटर चढायचं, असं आव्हान होतं. मी सेमिनरी हिल्सचा चढ धरला. पहाटे पाचपासून वर-खाली, वर-खाली. दुपारी मांड्या थरथरत होत्या. चारला आभाळ भरून आलं आणि वळवाचा पाऊस कोसळला. मी एका टपरीच्या पत्र्याखाली थांबले. पाय जमिनीवर, सायकल भिंतीला, आणि पडद्यावरची उंची सरसर खाली जात होती. वादळाबरोबर जड, थंड हवा उतरली होती, दाब वाढला होता. तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलं. पाऊस ओसरल्यावर दाब उतरला आणि उंची परत वर आली. ते वर येणंही चढात धरलं गेलं. सेन्सरच्या बारीक छिद्रात पाणी गेलं असेल तर पुढच्या फेऱ्यांचं काय झालं, सांगता येत नाही. रात्री आठला 1512 झाले. मी रस्त्याच्या कडेला बसून रडले.

दुसऱ्या दिवशी आयोजकांनी माझ्या राईडची फाइल नकाशावरच्या उंचीनं 'दुरुस्त' केली: 1287. यादीतून नाव गेलं. गटात कुणीतरी लिहिलं, "ताईंनी आकडा फुगवला." चौदा तास घाम गाळला होता मी. नकाशाची ती उंची चौकोनांची असते. 2000 साली अंतराळयानातून मोजलेली, एक ठिपका 30 मीटरचा. वळणदार रस्ता त्यात कडेच्या उताराला चिकटतो, पुलावरून गेलात तर खालची नदी मोजली जाते. ती खरी आणि माझे पाय खोटे?

पण इथे मला थांबावं लागतं. त्याच्या दोन वर्षं आधी वर्धा रोडच्या राईडवर एका पोरानं फोनवरचा चढ दाखवला होता, 600 मीटर. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सपाट रस्त्यावर एवढा चढ? जरा लाज धर." तो पुन्हा आला नाही. त्यानं काहीच फुगवलं नव्हतं. फोननं जे दाखवलं तेच त्यानं दाखवलं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, तुझ्याकडे कोणता खरा आकडा होता गं?

आता मी निघताना नागपूरच्या झिरो माइलला थांबते. तिथल्या 1907 च्या खांबाच्या माथ्याची उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर. रस्ता थोडा खाली, म्हणून मी मशीनमध्ये 310 भरते. परतल्यावर तिथेच पुन्हा बघते आणि फरक वहीत लिहिते. दहा मीटरच्या आत असेल तर चढ सांगते, नाहीतर विचारू नका म्हणते. हीही पक्की कसोटी नाही. सुरुवात आणि शेवट जुळले तरी मधला चढ चुकू शकतो. त्या दिवशी ऊन माझे मीटर खात होतं आणि वादळ फुकटचे देत होतं. 1512 आणि 1287 मध्ये कुठे थांबायचं, मला अजून कळलेलं नाही. 1287 मात्र मी मानणार नाही.

त्या पोरानं तेव्हा गटात टाकलेली फाइल माझ्याकडे आहे. परवा उघडली. निघाला तिथेच परतला होता तो, फरक 4 मीटर. माझ्या त्या दिवशीच्या फाइलमध्ये 31.