सात शर्ट आणि एक सिंहासन

रविवारी संध्याकाळी आठवड्याचे कपडे इस्त्रीला काढले की मला मागे काहीतरी वाजत लागतं, आणि गेले दोन-तीन महिने ते एकच आहे, 'फ्येलट्रोनेन'. नॉर्वेजियन शब्द, अर्थ डोंगरावरचं सिंहासन. वॉनग्रावेन या नावाने १९९५ मध्ये आलेला पहिला अल्बम, आणि शेवटचाही, कारण त्यापुढे या नावाने अल्बम आलाच नाही. पाचच तुकडे, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे माझ्या हिशेबाने सात शर्ट.

पहिल्या तुकड्याचं नाव 'एके काळी एक माणूस होता'. आपल्याकडे कसं, आटपाट नगर असतं, तिथे राजा असतो, त्याला दोन राण्या असतात, एक नावडती असली तरी निदान कोणीतरी असतं. इथे नगर नाही, राणी नाही, नुसता माणूस, आणि तोही होता. एवढ्यावरच मी पहिला शर्ट तसाच ठेवून बसले होते.

सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, जुन्या काळाचं वातावरण उभं करायच्या या प्रकाराला आता डन्जन सिंथ म्हणतात. हे नाव बऱ्याच नंतर, २०११ च्या सुमारास पडलं. डन्जनचं मराठी अंधारकोठडी करावं तर डोळ्यासमोर लगेच पोलिस येतात, भुयार म्हटलं तर खजिना, त्यामुळे मी डन्जनच ठेवते. बरं, नॉर्वेत दगडी किल्ले तसे कमीच, तिथलं मध्ययुग बरंचसं लाकडी. त्यांची ती जुनी लाकडी चर्चं, स्टेव्ह चर्च म्हणतात ती, आता जेमतेम २८ उरलीत. मग सिंहासन ठेवायला उरतो तो डोंगरच, असं आपलं मला वाटतं.

हा अल्बम करणारा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. सॅटिर, सॅटिरिकॉन बँडवाला, एरवी ब्लॅक मेटल, म्हणजे किंचाळ्यांचं कर्कश रॉक, करणारा. आणि आता तो वाईन करतो, खरंच, वॉनग्रावेन हेच नाव बाटलीवर असतं. मला आधी जरा धक्काच बसला, मग म्हटलं ठीक आहे, डोंगरावर बसून बसून किती बसणार.

पण मला यात अडकवलं ते त्यातल्या खोटेपणाने. म्हणजे राजदरबार, पडका बुरूज, धुकं असं सगळं उभं करायचं आणि ते कशावर तर सिंथवर, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळतं. खऱ्या बासरीत फुंकर ऐकू येते, सूर मधेच थोडा हलतो, वाजवणारा श्वास घेतो. इथला सूर दाबला की सुरू आणि बोट उचललं की बंद, मधे माणूसच नाही. हेच खऱ्या वाद्यवृंदाने वाजवलं असतं तर भारी वाटलं असतं, पण पोटात असं कालवलं नसतं. गेलेल्या काळाची आठवण काढायची आणि हाताशी काय तर थोडी बटणं, यातच सगळं आलं ना.

आईला अर्थातच यातलं काही पटत नाही. पहिल्या रविवारी हॉलमधून विचारलं, "कोण गेलं गं?" मग, "दिवेलागणीला कसली ती रडारड, बंद कर." मी आवाज कमी केला, बंद नाही केला. थोड्या वेळाने परत, "त्या बासरीवाल्याला सर्दी झालीय का?"

परवा माळ्यावरून शाळेतला कीबोर्ड काढला. सेल फुगून चिकटलेले, ॲडॅप्टर मात्र शाबूत. काळी चारचं 'सा' अजून अडकतं. टोन बदलत बदलत क्वायरवर, म्हणजे समूहगानाच्या आवाजावर, आले आणि ती एकच पट्टी दाबून धरली, काही वाजवलं नाही, नुसती दाबून धरली. आई पोळ्या टाकून दारात आली, हाताला पीठ तसंच.

"हेच ना गं ते, रविवारचं?"